कॅम्पर व्हॅनच्या सोलरसाठी इन्व्हर्टर घेताय? मग तो सगळ्यात शेवटी घ्या

टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर विंगर घ्यायची आणि तिची कॅम्पर व्हॅन करायची, हे आता बरेच जण करायला लागलेत आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, इन्व्हर्टर किती वॅटचा घेऊ? २,००० पुरेल का डायरेक्ट ३,००० घेऊन टाकू? माझं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी बघायचं २३० व्होल्टशिवाय अडेल असं आपल्याकडे नक्की काय काय आहे, मग बॅटरी, मग बॅटरीचा बीएमएस (जास्त करंट ओढला की बॅटरी तोडणारं तिच्या आतलं सर्किट), मग केबल, आणि या सगळ्यातून जो आकडा येईल तेवढाच इन्व्हर्टर. उलट्या बाजूने गेलं की मोठा डबा घरात येतो आणि त्याला पोसायला बॅटरी वाढवा, केबल वाढवा, पॅनल वाढवा असं करत बजेट कुठच्या कुठे जातं.

यूट्यूबवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकेतले. तिकडच्या आरव्हीत मायक्रोवेव्ह असतो, टपावर १३,५०० बीटीयूचा एसी असतो, कॉफी मशीन असतं, म्हणून ते लोक सरळ ३,००० वॅट सांगून मोकळे होतात आणि त्यांच्या गरजेप्रमाणे ते बरोबरच आहे. पण त्यांची लाईट १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, त्यामुळे तिकडचं मॉडेल कोणी नातेवाईक बॅगेतून आणून देतो म्हणाला तरी आधी आऊटपुट बघा, १२० व्होल्टवाला आपल्या काही कामाचा नाही.

आधी १२ व्होल्टवर काय काय जाईल ते काढा

सोलरची बॅटरी १२ व्होल्टची, गाडी पण १२ व्होल्टची, तर जे डायरेक्ट १२ वर चालतं त्याला इन्व्हर्टरमधून फिरवून आणायची गरजच नाही. एलईडी लाईट १२ व्होल्टमध्ये मिळतात, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे मिळतात, डीसी कॉम्प्रेसरवाले पेटीसारखे फ्रिज मिळतात जे १२ आणि २४ दोन्हीवर चालतात. पाण्याचा पंप म्हणाल तर शेतकरी पाठीवर घेतात त्या बॅटरीच्या फवारणी पंपात असते तशीच १२ व्होल्टची डायफ्राम मोटर, शेती साहित्याच्या दुकानात स्पेअर म्हणून सहज मिळते (नवीनच घ्या, औषधाला वापरलेली चुकूनही नको). मोबाईलला यूएसबी, आणि हल्लीचे बरेच लॅपटॉप टाईप-सी वर चार्ज होतात त्यांना ६५ किंवा १०० वॅटचा गाडीचा चार्जर पुरतो.

लॅपटॉपचं उदाहरण घेऊन बघा म्हणजे मुद्दा लक्षात येईल. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० करतो, त्यात १० टक्क्यांच्या आसपास जातात, मग लॅपटॉपचा ॲडॉप्टर त्या २३० चे परत २० व्होल्ट करतो, त्यात आणखी थोडे जातात, आणि शिवाय इन्व्हर्टर स्वतः चालू राहायला जे खातो ते वेगळंच.

एवढं सगळं बाजूला काढलं की २३० वर उरतं काय? मिक्सर, आणि हवं असेल तर इंडक्शन, किटली, इस्त्री, एखादा टीव्ही. ही यादी छोटी असते आणि इन्व्हर्टर फक्त हिच्यासाठी घ्यायचाय.

वॅट आणि वॅट-अवर, दोन्ही बघावं लागतं

इथे बहुतेकांचा घोळ होतो. इन्व्हर्टरचा साईज ठरतो एका वेळी किती वॅट ओढले जातात त्यावर, बॅटरी आणि पॅनल ठरतात दिवसभरात एकूण किती खर्च झालं त्यावर. १,५०० वॅटची किटली घ्या, लिटरभर पाणी उकळायला ती साधारण १०० वॅट-अवर खाते, म्हणजे बॅटरीच्या मानाने किरकोळ, पण त्या चार-पाच मिनिटांसाठी इन्व्हर्टर मात्र १,५०० च्या वरचाच पाहिजे. फ्रिजचं बरोबर उलटं, ४०-५० वॅटच ओढतो पण रात्रंदिवस चालू-बंद होत राहतो, त्यामुळे दिवसाचे ५०० वॅट-अवर सहज होतात.

तीन माणसांच्या घरच्या व्हॅनचा अंदाज धरू. डीसी फ्रिज ५००, दोन पंखे रात्रभर ३००, लाईट ५०, मोबाईल ६०, लॅपटॉप ४ तास २६०, मिक्सर ५ मिनिटं ४० च्या आसपास. झाले १,२०० वॅट-अवर. आता टपावर ४०० वॅट पॅनल सपाट टाकलं तर आपल्याकडच्या चांगल्या उन्हात, उष्णता, धूळ, वायरमधलं सगळं वजा जाऊन दिवसाला १,५०० वॅट-अवरच्या आसपास हाताला लागतात, म्हणजे हे गणित बसतं. याच्यात इंडक्शनवर ४० मिनिटांचा स्वयंपाक टाका, ८०० गेले, दोनदा किटली लावा, २०० गेले, बेरीज २,२०० वर. आता नाही बसत. मग एकतर पॅनल वाढवा, नाहीतर गाडी चालताना अल्टरनेटरवरून डीसी-टू-डीसी चार्जर लावून भरून काढा, नाहीतर गॅस. आणि हे सगळं उन्हाळ्या-हिवाळ्याचं बोलतोय, जुलैमध्ये आंबोलीला उभे राहिलात तर पॅनलकडून फार आशा ठेवू नका.

माझं स्पष्ट मत आहे की पहिली व्हॅन करताना स्वयंपाक गॅसवर ठेवा. इंडक्शन सोडलं की इन्व्हर्टर १,००० वॅटवर येतो आणि त्याच्यामागची केबल, फ्यूज, बॅटरी सगळंच निम्म्यावर येतं.

मिक्सर आणि इंडक्शन, दोघांचे स्वभाव वेगळे

मिक्सरवर ५०० किंवा ७५० वॅट लिहिलेलं असतं पण बटण फिरवल्या क्षणी तो त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. त्यात भांड्यात ओलं खोबरं आणि मिरच्या गच्च भरून डायरेक्ट ३ नंबरवर फिरवलं तर छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडणारच. १ नंबरवर सुरू करायचं, थोडं पाणी घालायचं, मग वाढवायचं. १,००० वॅटचा चांगला इन्व्हर्टर ज्याचा सर्ज, म्हणजे क्षणभर द्यायची ताकद, २,००० ची आहे तो घरचा मिक्सर आरामात ओढतो.

पण हा सर्जचा आकडा नीट बघून घ्यायचा हां. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘२,००० वॅट’ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पीक’ असं असतं, म्हणजे कंटिन्यूअस, सलग देणार तो, १,००० च. आणि पीक सुद्धा किती वेळ देतो ते महत्त्वाचं, काही इन्व्हर्टर तो आकडा डोळ्याची पापणी लवेपर्यंतच देतात, काही चांगले दोन-चार सेकंद तग धरतात. मोटर उचलायला तेच दोन सेकंद लागतात. जाडजूड ट्रान्सफॉर्मरवाले, म्हणजे वजनदार इन्व्हर्टर या बाबतीत दणकट असतात, हलके हाय-फ्रीक्वेन्सीवाले जागा आणि वजन वाचवतात पण सर्जला तेवढे सोशिक नसतात. डेटाशीटमध्ये वेळ लिहिलेलीच नसेल तर मी तरी ते मॉडेल सोडून देतो.

इंडक्शनचं वेगळं. २,००० वॅटची शेगडी आहे पण मी ४०० वरच ठेवीन म्हणजे ५०० वॅटचा इन्व्हर्टर पुरेल, असं वाटतं पण तसं होत नाही. आपल्याकडच्या बऱ्याचशा साध्या शेगड्या ४०० वर ठेवल्या की सलग ४०० वॅट घेत नाहीत, थोडा वेळ हजाराच्या आसपास घेतात, मग बंद, परत चालू. दूध मंद आचेवर ठेवलं की ते थांबून थांबून उकळी धरतं ना, ते त्यामुळेच. म्हणजे मंद आचेसाठी सुद्धा इन्व्हर्टर हजाराच्या वरचाच लागतो. विकत घ्यायच्या आधी घरच्या प्लगला एनर्जी मीटर लावून आपली शेगडी, आपला मिक्सर नक्की किती ओढतात ते डोळ्यांनी बघा, कुठल्याही चार्टपेक्षा ते खरं.

प्युअर साईन वेव्हच, इथे तडजोड नको

प्युअर साईन म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहर, मॉडिफाईड म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांची. मॉडिफाईड साईन वेव्हवाले निम्म्या किमतीत मिळतात, बल्ब आणि मोबाईल चार्जर त्यावर चालतात पण. पंखा घूं-घूं करतो, मोटरी गरम होतात, मिक्सरची ताकद कमी पडते, बऱ्याच इंडक्शन शेगड्या एरर दाखवून सुरूच होत नाहीत, आणि घरात कोणी झोपताना श्वासासाठी सीपॅप मशीन वापरत असेल तर तिथे हा प्रयोग करायचाच नाही. वाचलेले पैसे एका जळलेल्या ॲडॉप्टरमध्ये जातात. प्युअर साईन घ्या, वॅट कमी घ्या.

खरा मालक बॅटरीचा बीएमएस

१२.८ व्होल्ट १०० एएचची (अँप-अवर) लिथियम म्हणजे एलएफपी बॅटरी घेतलीत, तिच्या आत बीएमएस आहे १०० अँपचा. म्हणजे ती जास्तीत जास्त १,२८० वॅट देणार, इन्व्हर्टरमधला लॉस काढला तर हातात ११५० च्या आसपास, आणि सलग चालवायचं तर त्याच्या ८० टक्क्यांवर राहिलेलं बरं, म्हणजे ९०० वॅट. आता या बॅटरीला तुम्ही ३,००० वॅटचा इन्व्हर्टर लावला तर मिळणार काय? तेच ९००-११५०. त्याच्या वर गेलात की बीएमएस सगळंच तोडतो, इन्व्हर्टर तर बंद होतोच पण त्याच बॅटरीवरचे लाईट, पंखा, फ्रिज, पंप सगळं एका झटक्यात जातं. स्वस्तातल्या काही १०० एएच बॅटऱ्यांमध्ये ५० अँपचाच बीएमएस असतो, त्यामुळे दुकानदाराला एएच विचारून थांबू नका, कंटिन्यूअस डिस्चार्ज किती अँप हे विचारा आणि ते लेबलवर दाखवायला सांगा.

एक साधा हिशोब डोक्यात ठेवा, १२ व्होल्टच्या सिस्टीमवर दर १,००० वॅटमागे बॅटरीतून ९० अँपच्या आसपास करंट जातो. २,००० वॅट म्हणजे १८० अँप! घराच्या मेन स्विचमधून सुद्धा एवढा करंट कधी जात नाही. म्हणूनच २,००० च्या वर जायचं असेल तर २४ व्होल्टचा विचार करा, तिथे तोच लोड ९० अँपवर येतो आणि केबल निम्मी लागते. तोटा एवढाच की १२ व्होल्टच्या लाईट-पंख्यांसाठी मध्ये २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावावा लागतो आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज करायला १२ चे २४ करणारा चार्जर लागतो. १,००० वॅटपर्यंत १२ व्होल्टच सोपं.

काही न लावता सुद्धा तो खातो

मोठा इन्व्हर्टर घेण्यातला सगळ्यात न दिसणारा खर्च हा आहे. नुसता चालू ठेवला, एकही प्लग लावला नाही, तरी ३,००० वॅटवाले कितीतरी इन्व्हर्टर २० वॅट किंवा जास्त खातात. २० वॅट गुणिले २४ तास, ४८० वॅट-अवर. १०० एएचच्या बॅटरीतले एक तृतीयांशापेक्षा जास्त, काहीही काम न करता! सोलर चार्ज कंट्रोलर आणि चार्जर आत असलेले ऑल-इन-वन डबे तर बऱ्याचदा याच्याही वर जातात. म्हणून डेटाशीटमध्ये नो-लोड करंट किंवा सेल्फ कन्झम्प्शन हा आकडा शोधाच. इको मोड किंवा सर्च मोड असतो काहींना, तो मधूनमधून लोड आहे का बघतो, पण मोबाईल चार्जरसारखा छोटा लोड त्याला बऱ्याचदा कळत नाही.

सोपा उपाय, रिमोट स्विचवाला इन्व्हर्टर घ्या आणि तो स्विच ओट्याजवळ लावा, मिक्सर झाला की बंद. आणि इंडक्शन ठेवायचंच असेल तर दोन इन्व्हर्टर ठेवा, एक ३०० वॅटचा छोटा टीव्ही-लॅपटॉपसाठी आणि एक मोठा फक्त स्वयंपाकापुरता. छोटा तासन्‌तास चालू राहिला तरी फार खात नाही, आणि एक बिघडला तर दुसरा हाताशी राहतो. दोघांच्या आऊटपुटच्या वायरी मात्र पूर्ण वेगळ्या ठेवायच्या, एकत्र कधीही जोडायच्या नाहीत.

घरचा इन्व्हर्टर व्हॅनमध्ये चालेल का?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो कारण लोडशेडिंगच्या काळापासून घराघरात तो आहे. चालतो, पण काही गोष्टी बघून. एक म्हणजे त्याच्या नावातला आकडा, मॉडेलच्या नावात ११०० असलं तरी आत ९०० व्हीए आणि वॅटमध्ये ७५० च्या आसपास असं निघू शकतं, त्यामुळे वॅटचाच आकडा विचारा. दुसरं, त्याचं चार्जिंग आणि लो-बॅटरी कट ट्युब्युलर ॲसिड बॅटरीच्या हिशोबाने सेट केलेलं असतं. तो १०.५ व्होल्टच्या आसपास बंद होतो, पण लिथियम बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेली की जवळपास रिकामीच झालेली असते, म्हणजे इन्व्हर्टर वेळेवर थांबवत नाही आणि शेवटी बीएमएसलाच तोडावं लागतं. लिथियम मोड असलेलं मॉडेल असेल तरच लिथियमला लावा. तिसरं, तो भिंतीशेजारी शांत उभा राहायला बनवलाय, वरंधा घाटातले खड्डे खायला नाही, आतला जड ट्रान्सफॉर्मर हलतो, स्क्रू ढिले होतात. एक फायदा आहे, घरी पार्किंगमध्ये किंवा रिसॉर्टला उभे असताना बाहेरच्या लाईटवर तो बॅटरी पण चार्ज करतो. बजेट कमी आहे, ॲसिड बॅटरीच वापरायचीय, तर साईन वेव्ह घरचा इन्व्हर्टर खाली रबराचं पॅड टाकून, पट्टीने नीट आवळून वापरता येतो.

मे महिन्यात वॅट कमी होतात

इन्व्हर्टरची ताकद बहुधा २५ डिग्रीला मोजून लिहिलेली असते. व्हिक्ट्रॉनच्या फिनिक्स १२/१२०० चं बघा, नावात १,२०० व्हीए, २५ डिग्रीला १,००० वॅट आणि ४० डिग्रीला ८५०. या कंपनीने निदान सरळ लिहून दिलंय. आता मे महिन्यात दुपारी नागपूरला बंद व्हॅनच्या सीटखालच्या खोक्यात किती तापमान असेल ते तुम्हीच विचार करा. म्हणून हिशोबाच्या वर पाव हिस्सा तरी जास्तीचा धरा, इन्व्हर्टरच्या चारी बाजूंना हवा खेळती ठेवा, गॅस सिलेंडरच्या कप्प्यात तो ठेवू नका, आणि ॲसिड बॅटरीच्या डोक्यावर तर नाहीच, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. फॅनचा आवाजही दुकानात चालू करून ऐका, झोपायची जागा चार फुटांवर असते.

केबल, थिंबल, फ्यूज

इन्व्हर्टर बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, दीड मीटरच्या आत. लांब न्यायचंच असेल तर २३० व्होल्टची वायर लांब न्या, १२ व्होल्टची नाही. १,००० वॅटला ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल आणि १२५ अँप फ्यूज, २,००० वॅटला ७० स्क्वेअर एमएम आणि २५० अँप. वेल्डिंगची केबल लवचिक असते, चालते, पण तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, परत करा. कोकणात जास्त फिरणार असाल तर कलई केलेली तांब्याची केबल घ्या, खाऱ्या हवेत साधं तांबं लवकर हिरवं पडतं. थिंबल (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा लग) हायड्रॉलिक क्रिम्पिंगनेच दाबून घ्या, हातोडीने ठोकलेलं किंवा नुसतं सोल्डर भरलेलं थिंबल घाटात ढिलं पडतं आणि तिथेच आग लागते.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरावर. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँप सोडते, तेवढा करंट तोडायची क्षमता क्लास-टी फ्यूजमध्ये असते, महाग आहे पण इथे पैसे घाला. घरच्या लाईटचा, म्हणजे एसीचा एमसीबी (जास्त लोडला आपोआप पडणारा स्विच) बॅटरीच्या डीसीवर लावायचा नाही, डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

२३० च्या बाजूला ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) हवी. पण ती लावली म्हणून शॉकपासून वाचलो असं नसतं. इन्व्हर्टरचं आऊटपुट अर्थला न जोडलेलं, अधांतरी असेल तर न्यूट्रल आणि व्हॅनची चासी जोडल्याशिवाय आरसीसीबी ट्रिपच होत नाही, आणि बाहेरची लाईट घेतली की ही जोडणी सुटलीच पाहिजे, चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये आतला रिले हे आपोआप करतो. काही स्वस्त इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरींवर निम्मं-निम्मं व्होल्टेज असतं, तिथे अशी जोडणी केली तर इन्व्हर्टर जळतो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल तर हे काम स्वतः करू नका, गाड्यांचं काम केलेला वायरमन बोलवा. बाकी गाडीत बदल करताना आरटीओची परवानगी लागते, ती आधी बघून घ्या.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना मोठी ठिणगी उडते कारण आतले कपॅसिटर एकदम भरतात, कधीकधी त्यानेच बीएमएस ट्रिप होतो. आधी १२ व्होल्टच्या हेडलाईट बल्बमधून काही सेकंद जोडा आणि मग केबल लावा. मग जास्तीत जास्त लोड टाकून १५ मिनिटं चालवा, लोड बंद करा, इन्व्हर्टर बंद करा आणि प्रत्येक थिंबलला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर ते क्रिम्पिंग परत करून घ्या. पहिला घाट उतरून आलात की सगळे नट एकदा पाना लावून आवळा, स्प्रिंग वॉशर असले तरी.